आपल्या घराची वंशावळ



आमच्या घरात एक जुना पितळी तांब्या होता. त्याच्या गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलेले एका बाईचे नाव होते आणि पुढे एका गावाचे नाव. लहानपणापासून मी त्या तांब्याने पाणी प्यालो. पण हे नाव कोणाचे, असे विचारावे हे मला साठीला येईपर्यंत सुचले नाही. 2008 साली मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालो. त्या दिवाळीला भांडी घासायला काढली, तेव्हा मी रिकामाच होतो. चिंच लावून तांब्या लख्ख केला आणि नाव नीट वाचले. आमच्या घरात त्या नावाची बाई झाल्याचे मला ठाऊक नव्हते. त्या गावचे माहेरही कोणाचे नव्हते. थोरल्या भावाला विचारले, तर तो म्हणाला, "आज्ज्यानं बाजारात मोडीतला घेतला असंल. तुला काय करायचंय?"

घराण्याचा इतिहास शोधायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच ऐकावा लागतो. खेड्यात वंशावळ हा शब्द काढला, की समोरचा माणूस सावध होतो. त्यात त्याची चूक नाही. आपल्याकडे वंशावळ लिहितात ती वारसनोंदीसाठी, जातीच्या दाखल्यासाठी, नाही तर कोर्टाच्या पायरीसाठी. महाराष्ट्रात 1994 साली आणि साऱ्या देशात 2005 साली वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला. तेव्हापासून 'पणजीला बहिणी किती होत्या?' एवढे विचारले तरी घरातले लोक एकमेकांकडे बघू लागतात. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की काय करतो आहोत ते आधी घरात उघड सांगा. चोरून शोधू नका.

आता सुरुवात कुठून करायची? पुष्कळजण वरून सुरुवात करतात. पानिपतावर कोण लढला, कोणत्या गडावर कोण किल्लेदार होता, तिथून खाली यायला बघतात. 1761 साली पानिपतावरून परत आलेल्यांची घराणी आपल्या सांगण्यात इतकी आहेत, की मग तिथे पडले तरी कोण, असा प्रश्न पडावा! तसे करू नये. आपण स्वतः कोण, इथून निघावे आणि एकेक पायरी वर चढावे. शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर तुमचे नाव, त्यावर आईबापाचे, त्यावर दोन्हीकडच्या आजीआजोबांचे. दोन्हीकडच्या म्हणतो आहे, हे ध्यानात घ्या. बहुतेकांची आईकडची बाजू आजोबांच्या नावाशीच थांबते. आईच्या आईचे माहेर कोणते, हे किती जणांना सांगता येते ते घरी विचारून पाहा.

प्रत्येक नावाखाली चार गोष्टी लिहा : बाईमाणूस असेल तर माहेरचे नाव आणि गाव, अंदाजे साल, ही माहिती कोणी सांगितली, आणि कोणत्या दिवशी सांगितली. माहेरचे नाव का, तर लग्नात नाव बदलण्याची आपल्याकडे रीत. माहेरची कृष्णा सासरच्या कागदात लक्ष्मी होते, आणि दोन बाया आहेत असे समजून आपण फसतो. कोणी सांगितले हे लिहायचे कारण पुढे कळेल. दोन माणसे दोन गोष्टी सांगतात, आणि दहा वर्षांनी कोणती कोणाची ते आपल्याला आठवत नाही.

वही घेतली की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा. उद्या जा. माझी आत्या त्या वेळी शहाऐंशी वर्षांची होती, तालुक्याच्या गावी मुलाकडे राहत होती, एस.टी.ने दीड तासाचे अंतर. जाऊ जाऊ म्हणत मी सहा महिने घालवले. अखेर गेलो तो तांब्या पिशवीत घालूनच गेलो. आत्याला वाचता येत नव्हते. तिने त्या कोरलेल्या टिंबांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "आरं, ही धाकल्या काकीची. कुठं हुता?"

"कुठली धाकली काकी, आत्ती? आज्ज्याला भाऊच नव्हता म्हणत्यात."

"नव्हता कसा? मानमोडीत ग्येला."

मानमोडी म्हणजे 1918 सालची इन्फ्लुएंझाची साथ. जुन्या माणसांना साल विचारू नये, खूण विचारावी, हे मी तिथे शिकलो. 'तुमचं लग्न कधी झालं?' याला उत्तर मिळत नाही; 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला किती मोठा होता?' याला लगेच मिळते. तो भूकंप 1967 सालच्या डिसेंबरातला. पानशेत फुटले ते 1961. मोठा दुष्काळ 1972. मराठवाड्यात रझाकारांचे दिवस 1948 चे, किल्लारीचा भूकंप 1993 चा. अशा खुणा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि त्यांच्या आधी की नंतर, असे विचारत जा. दुसरे असे, की मुलाखत घ्यायला बसल्यासारखे बसू नये. शेंगा फोडता फोडता, भाजी निवडता निवडता बोलावे. हातात वस्तू द्यावी, जुना फोटो द्यावा. आता बहुतेकांच्या खिशात मोबाईल असतो. विचारून आवाज त्यात भरून घ्यावा. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही घ्याव्यात. बाईच्या ओवीत भावाचे नाव येते, माहेरच्या वाटेवरचे गाव येते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा करवल्या. कागदात न सापडणारी कितीतरी नाती त्यात आहेत.

आत्याने सांगितलेले थोडक्यात असे. आजोबांचा धाकटा भाऊ साथीत गेला. मागे वीसेक वर्षांची बायको आणि अंगावरची मुलगी. दोनतीन वर्षांनी त्या बाईने पाट लावला, म्हणजे दुसरे लग्न केले, आणि मुलीला घेऊन गेली. तिचे नाव घरात काढायचे नाही असे झाले. "पर आमची आई पंचमीला त्या पोरीला आणायची," आत्या म्हणाली. "मी सातआठ वर्साची आसंन. दोन वर्सं आली. मग न्हाई आली." मुलीचे नाव आत्याला आठवत होते. गाव आठवत नव्हते.

म्हाताऱ्या माणसाचे सांगणे खरे धरावे, पण तपासून घ्यावे. तपासायचे ते कागदावर. कागदांत आपल्याला सर्वांत जवळचा म्हणजे जमिनीचा. सातबारा सर्वांना माहीत आहे. परंतु वंश शोधणाऱ्याने सातबाऱ्यापेक्षा फेरफाराकडे जावे. गाव नमुना नंबर 6 म्हणजे फेरफार नोंदवही. जमिनीवर नाव का चढले आणि का उतरले, हे त्यात लिहिलेले असते. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात जो आकडा दिसतो तो फेरफाराचा नंबर. त्या नंबराने मागे मागे जात राहायचे. मुंबई इलाख्यातल्या पुष्कळ गावांत हे हक्कनोंदीचे दप्तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांपासूनचे आहे. वारसांची वेगळी नोंदवही असते, ती नमुना 6-क. हे कागद तलाठ्याकडे असतात, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि जुने असतील तर तहसिलीच्या अभिलेख कक्षात. अर्ज करून नक्कल मागता येते. बऱ्याच तालुक्यांतले जुने फेरफार आता स्कॅन करून संगणकावरही ठेवले आहेत.

या कागदांची एक भाषा आहे. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. आणि 'ए.कु.मॅ.' ही अक्षरे दिसली की विशेष जपावे. ती म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. सातबाऱ्यावर एकट्या थोरल्या भावाचे नाव असते. पण पुढे ए.कु.मॅ. असेल तर पाठीमागे आणखी भाऊ आहेत असे समजावे. पणजोबा एकुलते एक होते, असा समज पुष्कळ घरांत या तीन अक्षरांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे रुजला असेल.

आणखी एक. आडनावावर फार विसंबू नये. जुन्या कागदात पुष्कळदा आडनाव नसतेच. असले तरी दोन पिढ्यांत बदललेले दिसते. कोणी गाव सोडले की त्या गावाला 'कर' लागून आडनाव होते. आडनाव एक म्हणून कूळ एक, असे धरून कोणाच्या छापील कुलवृत्तान्तात आपली फांदी जोडू नका.

आमच्या फेरफारात काय निघाले? 1919 सालची एक नोंद निघाली. आजोबांचा भाऊ मयत, वारस बायको. तिचे नाव तांब्यावरचेच! आणि 1922 ची दुसरी : बाईने पाट लावला, सबब तिचे नाव कमी करून मयताचा भाऊ, म्हणजे माझे आजोबा, यांचे नाव दाखल केले. पंचांच्या सह्या, अंगठे. बस्स. विधवेने पुनर्विवाह केला तर पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरचा तिचा हक्क जातो, हे 1856 च्या कायद्यातच होते. त्यामुळे पहिल्यांदा मला त्यात वावगे वाटले नाही. पुढे एका ओळखीच्या वकिलांना दाखवले. ते म्हणाले, "गुरुजी, भाऊ विभक्त होते ना? मग तिच्यानंतर नंबर मुलीचा लागतो, भावाचा नाही. त्या काळच्या कायद्यानंसुद्धा." दोन्ही नोंदींत मुलीचा शब्दही नाही. ती चार एकर जमीन आमच्या खात्यावर अशी आली होती.

श्रोते हो, वंशावळ शोधायला निघालात तर असे काहीतरी निघणारच, याची तयारी ठेवा. माझे आजोबा देवमाणूस, हे मी गावाकडून ऐकत वाढलो. अडल्यानडल्याला त्यांनी धान्य दिले हेही खरे आणि हा 1922 चा कागदही खरा. दोन्ही वहीत लिहायचे. एक लिहायचे आणि दुसरे गाळायचे असेल, तर वही घेऊच नये.

जमिनीचे इतके बोललो. पण ज्यांना जमीनच नव्हती त्यांनी काय करावे? अशी घरे गावात थोडी नाहीत. त्यांच्यासाठी नमुना नंबर 14, कोतवाल बुक म्हणतात ते, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. त्यात जमीन असलेला आणि नसलेला, दोघांचाही जन्म लिहिलेला सापडतो. मात्र पुष्कळदा मुलाचे नाव नसते. 'अमक्यास मुलगा' एवढेच असते. बलुतेदारांची आणि वतनदारांची नावे वतनाच्या कागदात मिळतात. महार वतने 1958 च्या कायद्याने खालसा झाली, त्या वेळच्या याद्यांत कितीतरी घराण्यांची दोनतीन पिढ्यांची नावे आहेत. काही गावांच्या चावडीत एक दगडी पाटी भिंतीत बसवलेली असते : या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धास इतके इसम गेले, त्यांपैकी इतके कामी आले. त्यावर नाव नसते, नुसता आकडा असतो. पण त्या आकड्यातला एक आपला आहे का, हे विचारायला ती पाटी पुरते.

आणि शाळेचे जनरल रजिस्टर. इथे मी शिक्षक बांधवांशी बोलतो आहे. आपल्या कपाटातले ते लांबट रजिस्टर म्हणजे गावाच्या इतिहासाचा मोठा ठेवा आहे. वाळवी आणि पावसापासून त्याला जपा. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण, सगळे त्यात आहे. जन्मतारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. गावात निम्मी म्हातारी माणसे 1 जूनला जन्मलेली कशी, ते आपल्याला ठाऊक आहे. मीही असे जून पुष्कळ लिहिले आहेत. आता वाईट वाटते. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा ही जुनी रजिस्टरे ठिकठिकाणी बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना एकदम भाव आला. मोडी शिकणे फार अवघड नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात, 1910 साली राजवाड्यांनी स्थापन केलेली ती संस्था, मोडीचे वर्ग चालतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात, जुन्या पेशवे दप्तरात, कोट्यवधी मोडी कागद आहेत. पण तिथे जाणे शेवटी, गावातले संपल्यावर. मराठवाड्यातल्या श्रोत्यांना निजामी अमदानीतले उर्दू कागद लागतील. त्यांत फसली सन असतो. 590 मिळवले की इसवी सन येतो, एखादे वर्ष इकडेतिकडे. जन्मपत्रिकेत शक असतो, त्यात 78 मिळवावेत.

मुलांना 'आजीला विचारून या' असा गृहपाठ द्यायला हरकत नाही. मी दिला होता. मात्र ते वर्गात मोठ्याने वाचायला लावू नका. ज्याची आई सोडून गेली आहे, ज्याच्या बापाचे नाव घरात निघत नाही, असे एखादे पोर प्रत्येक वर्गात असते. मी एकदा वाचायला लावले. त्या मुलाने 'वही विसरलो' म्हणून सांगितले. वही त्याच्या दप्तरातच होती.

कागदाखेरीज पिढीजात नावे सांभाळणारी माणसेही आहेत. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या श्रोत्यांच्या दारी हेळवी येत असतील. त्यांच्या बाडात यजमानांच्या घराण्यांचे वंश लिहिलेले असतात. ते वाचून दाखवतात आणि धान्य-कपडा घेऊन जातात. ते आले तर परतवून लावू नका, बसवून घ्या. तसेच तीर्थोपाध्याय. त्र्यंबकेश्वर, नाशिक, प्रयाग, काशी येथल्या उपाध्यांकडे गावाप्रमाणे आणि आडनावाप्रमाणे वह्या असतात. आपल्या गावचे नाव सांगितले की आपल्या गावाचा उपाध्या कोण हे तिथली मंडळी सांगतात. आपले कोणी अस्थी घेऊन गेलेले असेल, तर त्या दिवशी त्याने सांगितलेली भावाबहिणींची, मुलाबाळांची नावे त्या वहीत असतात, खाली त्याची सही नाही तर अंगठा. मी त्र्यंबकेश्वरला गेलो. आजोबा 1926 साली तिथे आलेले होते. त्यांनी सांगितलेल्या नावांत मेलेला भाऊ होता, आणि त्याच्यापुढे 'कन्या 1' असे लिहिलेले होते! फेरफारात जिचा शब्द नाही, ती देवाच्या दारी त्यांनी सांगितली होती. तिच्या नावापुढे गावही होते. आत्याला न आठवलेले.

ते गाव आमच्यापासून बारा कोसांवर. 2010 च्या उन्हाळ्यात तांब्या घेऊन गेलो. चुलत आत्या पंधरा वर्षांपूर्वीच वारली होती. तिचा मुलगा सत्तरीचा, अंगणात बाजेवर बसला होता. मी नातं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "जमिनीचं काय कागदावर सही पाहिजे का, पाव्हणं?" असे कोणीतरी बारा कोसांवरून येते ते सहीसाठीच, हा त्यांचाही अनुभव. सही नको म्हटले, आणि तांब्या पुढे केला. त्याने सुनेला हाक मारली, "पाणी आण गं. यातनंच आण."

त्याची आई आमच्या गावाचे नाव कधी काढत नसे. मात्र पंचमीच्या आदल्या दिवशी दारात उभी राही, एवढे त्याने सांगितले. दोन वर्षे नेऊन पुढे का नेले नाही, हे मला अजून कुठे सापडलेले नाही. माझी आजी तर केव्हाच गेली. पुढच्याच पावसाळ्यात आत्याही गेली.

तांब्या आता त्यांच्याकडे असतो. वंशावळीत मी ती फांदी काढली आहे. खाली सोळा नावे आली, मुलींची धरून. जमिनीचे काय करायचे, यावर आम्हा भावाभावांत अजून एकमत नाही. थोरला म्हणतो, तू ते दप्तर उघडलंसच कशाला. मी त्याला 1922 च्या फेरफाराची नक्कल वाचायला दिली आहे. ती त्याने परत केलेली नाही. आणि धाकट्या आजीचे माहेर, तांब्यावर कोरलेले ते गाव, तिथे जायचे राहिले आहे. चैत्रात तिथे यात्रा असते, म्हातारी माणसे तेव्हा घरी सापडतात. येत्या चैत्रात जाणार आहे.